सॉफ्टवेअर बदललं, तरी कडा उजळच: डीप स्काय फोटोंच्या प्रोसेसिंगमधला नेहमीचा घोळ

"मध्यभाग काळवंडलेला, कडा उजळ. डीप स्काय स्टॅकर सोडून सिरिल घेतलं, तरी तेच. आता पैसे भरून पिक्सइनसाइट घ्यावं का?" पाऊस सरून दिवाळीनंतर आकाश मोकळं झालं, की नाशिकच्या हौशी आकाश छायाचित्रकारांकडून हा प्रश्न दर अमावास्येनंतर हमखास येतो. डीप स्काय म्हणजे तेजोमेघ, दीर्घिका अशा अंधुक वस्तू; त्यांच्या अनेक फ्रेम्स एकावर एक रचून, म्हणजे स्टॅक करून, एक चित्र काढायचं, आणि वरची तिन्ही नावं त्यासाठीच्या सॉफ्टवेअरची. कधी कडांऐवजी हिरवी छटा असते, कधी तिरपे ओरखडे, कधी धुळीची वर्तुळं. शेवट ठरलेला: "कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?"

त्याच फ्रेम्स दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या आणि दोष तोच, त्याच जागी आला, तर तिसऱ्यातही तोच येणार. गहू न निवडता गिरणी बदलली म्हणून पिठातले खडे जात नाहीत. दोष एकाच सॉफ्टवेअरमध्ये दिसत असेल तर तिथलं एखादं सेटिंग चुकलंय, आणि ते सहसा पाच मिनिटांचं काम असतं. सॉफ्टवेअर निवडायचा प्रश्न त्यानंतरचा. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय: आधी दोष, शेवटी निवड.

दोष कुठल्या टप्प्यावर शिरला?

सगळ्या दोनशे फ्रेम्स पुन्हा स्टॅक करत बसू नका. वीस लाइट फ्रेम्स (आकाशाचे प्रत्यक्ष फोटो) घ्या, सोबत त्यांचे डार्क (झाकण लावून, लाइटइतक्याच एक्स्पोजरचे), फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे) आणि बायस (झाकण लावून, कमीत कमी एक्स्पोजरचे). सिरिलमध्ये एकदा चालवा आणि चार चित्रं एकामागून एक उघडा: एक कच्ची लाइट फ्रेम, मास्टर फ्लॅट (सगळ्या फ्लॅटचा मिळून एक), कॅलिब्रेट झालेली (डार्क वजा करून फ्लॅटने भागलेली) एक लाइट, आणि शेवटचा स्टॅक. चारही ऑटोस्ट्रेच (अंधुक भाग पडद्यापुरता उजळून दाखवणारा पर्याय) लावून बघा. दोष पहिल्यांदा ज्या चित्रात दिसेल, तो टप्पा दुरुस्त करायचा.

कच्च्या फ्रेममध्ये कडा काळ्या असणं स्वाभाविक आहे, प्रत्येक लेन्सचं ते व्हिनेटिंग. मास्टर फ्लॅटमध्येही कडा तशाच काळ्या दिसल्या पाहिजेत, धुळीची वर्तुळं त्याच जागी हवीत. कॅलिब्रेट झालेल्या फ्रेममध्ये दोन्ही नाहीशी व्हायला हवीत. इथेच कडा उजळ झाल्या, तर चूक वजाबाकीत आहे. इथपर्यंत सगळं स्वच्छ आणि स्टॅकमध्येच बिघाड, तर मग रजिस्ट्रेशन (फ्रेम्समधले तारे एकमेकांवर जुळवणं) किंवा स्टॅकिंगची सेटिंग्ज बघायची.

कडा उजळ का होतात: थोडा हिशोब

कॅमेरा शून्यापासून मोजत नाही. प्रत्येक पिक्सेलमध्ये एक ठरावीक ऑफसेट आधीच घातलेला असतो. कॅनॉनच्या बऱ्याच १४ बिट कॅमेऱ्यांत तो २०४८ असतो, काहींत ५१२. तुमच्या कॅमेऱ्याचा आकडा हवा असेल तर एक बायस फ्रेम उघडून स्टॅटिस्टिक्समध्ये मीडियन बघा.

समजा आकाशाचा खरा उजेड मध्यभागी १००० आहे आणि कोपऱ्यात लेन्स फक्त ७० टक्के प्रकाश पोचवते, म्हणजे तिथे ७००. फाइलमध्ये मात्र आकडे पडतात ३०४८ आणि २७४८. आता डार्क किंवा बायस वजा न करता सरळ फ्लॅटने भागलं, तर मध्य ३०४८ राहतो आणि कोपरा २७४८ भागिले ०.७, म्हणजे साधारण ३९२६. कोपरा मध्यापेक्षा जवळजवळ २९ टक्के उजळ! फ्लॅट उत्तम होता, भागाकारही बरोबर होता. फक्त ज्याला भागायचं नव्हतं तो ऑफसेटही भागला गेला.

उलटी चूकही होते. लाइटमधून ऑफसेट काढला, पण फ्लॅटमधून नाही. फ्लॅटचा मध्य ६००० अधिक २०४८, कोपरा ४२०० अधिक २०४८. गुणोत्तर ०.७ ऐवजी ०.७८ च्या आसपास येतं. मग कोपऱ्यातले ७०० भागून ९०० च होतात, मध्य १००० राहतो आणि कडा काळसरच दिसतात. लोक म्हणतात, "फ्लॅट लागतच नाही." लागतो, अर्धवट लागतो.

थोडक्यात काय: कडा उजळ असतील तर लाइटच्या बाजूला बघा, डार्क लागलेत का? कडा काळ्याच राहिल्या तर फ्लॅटच्या बाजूला बघा, बायस किंवा डार्क फ्लॅट (फ्लॅटच्या एक्स्पोजरचे डार्क) लागलेत का? डार्कमध्ये ऑफसेट आपोआप येतो, त्यामुळे डार्क असतील तर लाइटमधून बायस पुन्हा वेगळा वजा करायचा नसतो. सिरिलमध्ये बायसच्या जागी फाइलऐवजी बरोबरचं चिन्ह देऊन सरळ आकडाही लिहिता येतो, म्हणजे २०४८ च्या आधी '='. बायस घ्यायचे राहून गेले असतील तर एवढ्यानेही फ्लॅट रुळावर येतो.

सेन्सर थंड ठेवणाऱ्या सीमॉस खगोल कॅमेऱ्यांसाठी बायसपेक्षा डार्क फ्लॅट बरे: फ्लॅटइतकंच एक्स्पोजर, तेवढाच गेन, झाकण लावून.

फ्लॅट घेताना इथे काय चुकतं

फ्लॅट घेताना कॅमेरा फिरवायचा नाही, फोकस हलवायचा नाही, अ‍ॅपर्चर बदलायचं नाही. एफ २.८ ला लाइट आणि एफ ४ ला फ्लॅट घेतले तर व्हिनेटिंगच वेगळं. पहाटे सामान आवरून घरी आल्यावर गच्चीवर फ्लॅट घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, पण कॅमेरा एकदा काढून परत लावला की धुळीचा कण जागेवर राहत नाही. स्टॅकमध्ये मग एक काळं वर्तुळ आणि शेजारी एक पांढरं, अशी जोडी दिसते. ती दिसली की समजायचं, फ्लॅट आणि लाइटमध्ये कॅमेरा हलला. ही जोडी कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाही. क्लोन स्टँपने पुसता येते, पण ते वेगळं शास्त्र.

पहाटेच्या आकाशावर फ्लॅट घ्यायचे तर पांढरं सुती कापड दुहेरी करून, सुरकुती न ठेवता लेन्सवर ताणून बांधा आणि लेन्स सूर्याच्या विरुद्ध, डोक्याच्या वरच्या बाजूला धरा. एलईडी पॅनेल किंवा टॅब्लेट वापरत असाल तर एक खोड लक्षात ठेवा: उजेड कमी केला की हे दिवे अतिवेगाने उघडझाप करतात. एक हजारांश सेकंदाच्या एक्स्पोजरला फ्लॅटवर आडवे पट्टे येतात, आणि तेच पट्टे भागाकारातून लाइटमध्ये उतरतात. पॅनेलवर साध्या पांढऱ्या कागदाचे चार-पाच थर टाका, दिवा पूर्ण उजेडावर ठेवा आणि एक्स्पोजर एक दशांश सेकंदाच्या वर न्या. हिस्टोग्रामचा डोंगर मध्याच्या जरा डावीकडे असला की पुरे. २० ते ३० फ्लॅट घ्या.

फ्लॅट रॉमध्येच घ्यायचे, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण जेपीजी फ्लॅट अजूनही येतात.

डार्क आणि निफाडची थंडी

सेन्सरमधला डार्क करंट (उजेड नसतानाही उष्णतेमुळे साचणारा संकेत) साधारण दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो. जानेवारीत संध्याकाळी २२ अंशांवर सुरू केलेलं सत्र पहाटे १० वर येतं, आणि निफाडकडे त्याहीखाली. म्हणजे रात्रीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये जवळजवळ चौपट फरक. डीएसएलआरला थंड करणारी यंत्रणा नसते, त्यामुळे एप्रिलमध्ये घेतलेली डार्क्सची लायब्ररी जानेवारीच्या फ्रेम्सना लावली, तर वजाबाकी जास्त होते आणि चित्रभर काळे ठिपके पडतात. सत्राच्या मध्यात दहा आणि शेवटी दहा डार्क घ्या. वेळ जातो खरा, पण तेवढ्यात चहा होतो.

कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद हवं. ते चालू असेल तर कॅमेरा प्रत्येक फ्रेमनंतर स्वतःच एक डार्क घेतो: रात्र निम्मी वाया जाते आणि वर तुमचे डार्क पुन्हा वजा होतात.

कोपऱ्यात अ‍ॅम्प ग्लो (कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचाच उजेड) देणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी डार्क ऑप्टिमायझेशन (डार्क मापाने कमी-जास्त करून वजा करणं) बंद ठेवा. अ‍ॅम्प ग्लो एक्स्पोजरच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. तो मोजूनमापून कमी-जास्त करायला गेलं की कोपऱ्यात काळा किंवा पांढरा डाग उरतोच.

स्टॅकमध्ये सगळीकडे एकाच दिशेने तिरपे ओरखडे दिसत असतील, तर तो डार्कचा दोष नाही. ट्रॅकिंगमध्ये तारे हळूहळू एकाच दिशेने सरकत असतात. सॉफ्टवेअर तारे जुळवतं, आणि सेन्सरवरचे गरम पिक्सेल त्याच रेषेत ओढले जातात. उपाय रात्रीच करायचा: दर दोन-तीन फ्रेम्सनंतर दहा-बारा पिक्सेल, वेगवेगळ्या दिशांना डिथर, म्हणजे चौकट मुद्दाम सरकवणं. ऑटोगायडर नसेल तर साध्या ट्रॅकरवर दर दहा फ्रेम्सना हाताने चौकट किंचित हलवा. एआय डिनॉइज हे ओरखडे घासून मऊ करतं, घालवत नाही. उलट ते अंधुक तेजोमेघाचे तंतू वाटू लागतात, ते जास्त वाईट.

उजेडाचा उतार: हा फ्लॅटचा दोष नव्हे

कॅलिब्रेशन बरोबर झालं, तरी चित्राची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी, असा सरळ उतार दिसतो. हा शहराच्या उजेडाचा ग्रेडियंट. फ्लॅटचा दोष मध्याभोवती गोल असतो, ग्रेडियंट एका बाजूने येतो. एवढ्या एका खुणेवर दोन्ही ओळखता येतात.

तुम्ही कुठे उभे आहात यावर तो ठरतो. त्र्यंबक, हरसूलच्या बाजूला गेलात तर नाशिक पूर्वेला राहतं. तिथून उगवणारी वस्तू उजेडातून वर येते, मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडल्यानंतरच्या फ्रेम्स जास्त स्वच्छ मिळतात. दिंडोरी-वणीकडे गेलात तर शहर दक्षिणेला येतं, आणि एप्रिल-मेमध्ये धनू-वृश्चिक नेमके त्याच उजेडावर टेकलेले असतात. लगून तेजोमेघ आपल्या २० अंश अक्षांशावरून जेमतेम ४५ अंश उंच जातो. ओमेगा सेंटॉरी तर २२-२३ अंशांच्या वर चढतच नाही. या वस्तूंसाठी दक्षिणेला शहर नसलेली जागा निवडणं, हे कुठल्याही प्लगइनपेक्षा जास्त उपयोगाचं.

थंडीची लाट आली की निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात. तो धूर जमिनीलगत पसरतो आणि उजेड विखुरतो, त्यामुळे पहाटे तीननंतरच्या फ्रेम्सची पार्श्वभूमी अचानक वर गेलेली दिसते. अशा फ्रेम्स भावनेच्या भरात ठेवू नका. सिरिलच्या प्लॉटमध्ये पार्श्वभूमी आणि ताऱ्यांची रुंदी बघा, उडी दिसेल तिथून पुढच्या काढून टाका.

चार-पाच तासांच्या सत्रात आणखी एक गोष्ट घडते. विषुववृत्तीय माउंट आकाशाबरोबर फिरतं, क्षितिज मात्र जागेवरच राहतं. म्हणून चौकटीतली उजेडाची दिशा रात्रभर वळत जाते. सगळ्या फ्रेम्स एकत्र केल्या की साधा उतार राहत नाही, वाकडातिकडा पृष्ठभाग तयार होतो आणि शेवटी तो काढणं अवघड जातं. म्हणून प्रत्येक कॅलिब्रेट झालेल्या फ्रेमवर, रजिस्ट्रेशनच्या आधी, सिरिलमधलं बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन पहिल्या घाताच्या बहुपदीने संपूर्ण सिक्वेन्सला लावा. पहिला घात म्हणजे सरळ उतार, तेवढाच. तिथे चौथा घात लावलात तर तेजोमेघच खाऊन टाकाल.

शेवटच्या स्टॅकवर ग्रॅक्सपर्ट (एआयने ग्रेडियंट काढणारं सॉफ्टवेअर) छान काम करतं, दोन अटींवर. पहिली: आधी कडा कापा. डिथर आणि रजिस्ट्रेशनमुळे चारही बाजूंना कमी फ्रेम्सची एक पट्टी उरते, आणि ती राहिली तर पार्श्वभूमीचं मॉडेल तिच्या नादी लागतं. दुसरी: काढलेली पार्श्वभूमी वेगळी सेव्ह करून उघडून बघा. तिथे नुसता मऊ उतार दिसला तर उत्तम. तिथे मृगातल्या तेजोमेघाचा पंखा किंवा देवयानी दीर्घिकेची लांबट सावली उमटलेली दिसली, तर सॉफ्टवेअरने तुमचं लक्ष्यच कचरा समजून वजा केलंय. स्मूदिंग वाढवा. तरी आकार दिसत असेल तर एआय सोडा आणि हाताने नमुन्याचे बिंदू ठेवा, फक्त रिकाम्या आकाशावर. आकाशगंगेच्या मध्यभागात रिकामं आकाश सापडतच नाही. तिथे दहा-बारा बिंदूंवर समाधान माना.

हिरवं, काळं, करडं: जे दोष नाहीतच

सिरिलमध्ये स्टॅक उघडला की तो हिरवागार दिसतो आणि लोक घाबरतात. सेन्सर हिरव्या रंगाला जास्त संवेदनशील असतो, रंगांचा समतोल अजून झालेला नसतो आणि ऑटोस्ट्रेच तिन्ही रंगांना एकच माप लावतो. खालच्या पट्टीतलं साखळीचं चिन्ह सोडवा, हिरवेपणा जाईल. नंतर प्लेट सॉल्व्ह करून (ताऱ्यांवरून फोटोतली आकाशाची जागा ओळखून) फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन (कॅटलॉगमधल्या ताऱ्यांच्या रंगांशी जुळवणं) केलं की रंग खरोखरच बसतात. हिरवा काढायचं फिल्टर हे शेवटचं हत्यार. ते आधीच चालवलं की ऑक्सिजनचा निळसर-हिरवा रंगही धुऊन जातो.

"सेव्ह केलं तर चित्र काळं!" ऑटोस्ट्रेच हा फक्त डोळ्यांवरचा चष्मा आहे, फाइलमधले आकडे न ताणलेलेच (लिनियर) राहतात. हिस्टोग्राम किंवा जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच प्रत्यक्ष लावा, मगच १६ बिट टिफ काढा. जेपीजी अगदी शेवटी. स्ट्रेचच्या आधी ८ बिटमध्ये गेलात तर अंधुक भागात पायऱ्या पडतात, आणि त्या पुढे कशानेच भरून निघत नाहीत.

डीप स्काय स्टॅकरमध्ये निकाल करडा दिसत असेल तर बहुधा आरजीबी चॅनल्स बॅकग्राउंड कॅलिब्रेशन चालू आहे. रंग फाइलमध्ये असतातच, सॅच्युरेशन वाढवून बाहेर काढावे लागतात.

वेगळा खगोल कॅमेरा असेल आणि रंग खरोखरच चुकले असतील, तर बेयर पॅटर्न (सेन्सरवरच्या लाल, हिरव्या, निळ्या पिक्सेलची मांडणी) तपासा. मृग नक्षत्राची एक फ्रेम घ्या, डिबेयर करा (त्या मांडणीवरून रंगीत चित्र काढा) आणि दोन तारे बघा: काक्षी नारिंगी आणि राजन्य निळसर दिसला पाहिजे. काक्षीच निळा झाला तर लाल-निळ्याची अदलाबदल झाली आहे. सगळंच हिरवं-जांभळं दिसलं तर एक ओळ सरकली आहे. फिट्स (खगोल कॅमेऱ्यांचा फाइल प्रकार) फाइल वरून खाली वाचली की खालून वर, यावरून आरजीजीबी पॅटर्न जीबीआरजी होतो. सॉफ्टवेअर बदलल्यावर रंग "सुधारतात" किंवा "बिघडतात" ते बरेचदा एवढ्यामुळेच. पॅटर्न बदला, सॉफ्टवेअर नको.

प्लेट सॉल्व्हच होत नसेल तर फोकल लांबी बघा. दुर्बिणीला लावलेला कॅमेरा लेन्स ओळखत नाही आणि फाइलमध्ये शून्य लिहितो. २४ मेगापिक्सेलच्या कॅनॉन एपीएस-सी बॉडीचा पिक्सेल ३.७२ मायक्रॉनचा. १३५ मिमी लेन्सला ते ५.७ आर्कसेकंद प्रति पिक्सेल होतात, ४०० मिमीला १.९. आकडे हाताने भरा. कॅटलॉग इंटरनेटवरून येतो, त्यामुळे हे काम हरसूलच्या माळावर नव्हे, घरी.

"फक्त एकच फ्रेम स्टॅक होणार"

डीप स्काय स्टॅकरचा हा संदेश म्हणजे बाकीच्या फ्रेम्स संदर्भ फ्रेमशी जुळल्या नाहीत. रजिस्टरच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये तारे ओळखण्याची मर्यादा १० टक्क्यांवर असते. मोजणीचं बटण दाबा. पाच-दहाच तारे दिसले तर ती ३-४ टक्क्यांवर आणा, पन्नास ते दोनशे तारे आले की थांबा.

पण आकडा हजारांत गेला तर खूश होऊ नका. त्यात गरम पिक्सेल ताऱ्यांच्या वेषात शिरलेले असतात. ते तर प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी, त्यामुळे सॉफ्टवेअर पिक्सेलच जुळवतं आणि खऱ्या ताऱ्यांच्या रेघा ओढल्या जातात. मर्यादा वर न्या, मीडियन फिल्टरवर टिक करा, डार्क लावा.

ट्रॅकरविना घेतलेल्या फ्रेम्सचं दुखणं वेगळं. वर सांगितलेल्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स असेल तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला साधारण एक पिक्सेल सरकतो. आठ सेकंदांच्या एक्स्पोजरला तारा नसतो, आठ पिक्सेलची काडी असते, आणि काडीला तारा म्हणायला कुठलंच सॉफ्टवेअर राजी होत नाही. दोन-तीन सेकंदांवर या आणि फ्रेम्सची संख्या वाढवा.

उपग्रहांच्या रेघा आणि ओझरकडे उतरणारी विमानं सिग्मा रिजेक्शनने (बाकी फ्रेम्सपेक्षा फार वेगळा पिक्सेल टाकून देणं) जातात, पण त्यासाठी किमान पंधरा-वीस फ्रेम्स हव्यात. पाच फ्रेम्समध्ये कोण परका आणि कोण आपला, हे संख्याशास्त्राला कळत नाही.

मध्येच थांबणारी स्क्रिप्ट

सिरिलची तयार स्क्रिप्ट अर्ध्यावर बंद पडली, तर दहातल्या आठ वेळा कारण डिस्क भरल्याचं असतं. २४ मेगापिक्सेलची एक रंगीत फ्रेम ३२ बिटमध्ये २८८ एमबी होते. १५० फ्रेम्सच्या कॅलिब्रेट झालेल्या प्रती ४३ जीबी, रजिस्टर झालेल्या आणखी ४३, मूळ रूपांतरित फाइल्स सातेक जीबी. म्हणजे ९० जीबीहून जास्त, आणि लॅपटॉपच्या २५६ जीबी एसएसडीवर विंडोज आणि लग्नाचे फोटो धरून उरलेले असतात ४०. प्रेफरन्सेसमध्ये १६ बिट केलं तर जागा निम्मी लागते. फिट्स कॉम्प्रेशन हाही मार्ग आहे, फक्त वेळ जास्त जातो. काम संपल्यावर प्रोसेस नावाचं फोल्डर रिकामं करा.

उरलेल्या दोन वेळा फोल्डरची भानगड असते. लाइट, डार्क, फ्लॅट, बायस यांची चार फोल्डर्स इंग्रजीत, लहान अक्षरांत, बहुवचनी नावांनीच हवीत. एखादं रिकामं असेल तर त्या प्रकाराविना चालणारी वेगळी स्क्रिप्ट निवडावी लागते. फोल्डरच्या नावात मराठी अक्षरं नकोत, आणि क्लाउडवर आपोआप चढणाऱ्या डेस्कटॉपवर तर काम करूच नका. स्क्रिप्ट फाइल लिहीत असताना सिंक तिच्यावर हात ठेवून बसतो.

आता निवड

इथपर्यंतचे दोष निस्तरले की निवड बरीच सोपी होते, कारण बहुतेकांना एकच सॉफ्टवेअर पुरतं: सिरिल. फुकट, मुक्त स्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारं. कॅलिब्रेशनपासून स्ट्रेचपर्यंत सगळं एका जागी. ८ जीबी रॅमवरही रडतखडत का होईना, काम पूर्ण करतं. जोडीला ग्रॅक्सपर्ट आणि तारे वेगळे करायला स्टारनेट, दोन्ही फुकट. दुहेरी नॅरोबँड फिल्टर (दोनच अरुंद रंगपट्टे आत सोडणारा) असेल तर हायड्रोजन-अल्फा आणि ऑक्सिजन वेगळे काढणारी स्क्रिप्टही त्यात आहे.

डीप स्काय स्टॅकर मुख्यतः स्टॅकिंगपुरतं. सिरिलच्या मेन्यूची धास्ती वाटत असेल तर पहिले दोन महिने ठीक. त्यातली स्ट्रेचची बटणं मात्र विसरा, ऑटोसेव्ह झालेली टिफ घेऊन पुढे जा. जुनी आवृत्ती कॅनॉनच्या सीआर३ फाइल्स उघडत नाही. फाइल्स जेपीजीत बदलण्याआधी आवृत्ती बदला.

अंजनेरीच्या डोंगरावर उभी आकाशगंगा, खाली डोंगरकडा स्थिर आणि वर तारे, असा फोटो हवा असेल तर सिक्वेटर. जमीन आणि आकाश वेगळं धरून स्टॅक करण्याचं काम ते दहा मिनिटांत करतं. सिरिलमध्ये तेच करायला गेलात तर रविवार जातो. उलट, गुरू-शनीच्या व्हिडिओंसाठी बनलेलं ऑटोस्टॅकर्ट दीर्घिकांवर चालवू नका. त्याचा पिंडच निराळा.

मोझेक, म्हणजे शेजारशेजारच्या चौकटी जोडून मोठं चित्र, हा तुमचा छंद झाला असेल तर अ‍ॅस्ट्रो पिक्सेल प्रोसेसर पैशाला जागतं. वार्षिक भाड्याने किंवा कायमचं, दोन्ही प्रकारे मिळतं.

आणि पिक्सइनसाइट. त्याच्या ताकदीबद्दल वाद नाही. मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, फिल्टर व्हील, एकाच वस्तूवर अनेक रात्री, असं काम करणाऱ्याला त्याची बॅच स्क्रिप्ट रात्रवार फ्लॅट वेगळे ठेवून सगळं नीट लावून देते. पण परवान्याला काही शे युरो, धारदारपणा आणि डिनॉइजच्या लोकप्रिय प्लगइनचे पैसे वेगळे, आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर ते गुदमरतं. शिकायला महिने लागतात, आणि चुकलेले फ्लॅट तेही सुधारून देत नाही.

घ्यायचं ठरलंच तर आधी ४५ दिवसांचा चाचणी परवाना घ्या, आणि तो ऑक्टोबरमध्ये सुरू करू नका. तेव्हा रात्री माळावर आणि दिवस झोपेत जातात. जुलैत घ्या. आकाश सप्टेंबरपर्यंत झाकलेलं असतं आणि मागच्या हंगामाच्या फ्रेम्स डिस्कवर पडून असतात. त्यांचे फ्लॅट आणि डार्क त्याच तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवलेले आहेत का, एवढं मेमध्येच बघून ठेवा.